देवासमोर क्लॅरिफाय

डिलाईल रोडच्या त्या चाळीत धोंडू परबांना मागून सगळे ‘क्लॅरिफाय’ म्हणत. त्यांच्या ऑफिसातला साहेब उठता-बसता हा शब्द वापरायचा. आपलं बोलणं समोरच्याला नीट कळलं नाही, तर ते उलगडून सांगायचं, हा त्याचा अर्थ. धोंडूंनी अर्थ बरोबर उचलला, पण समोरच्याने विचारेपर्यंत थांबणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. शेजारच्या कमळाबाईंना साडी छान आहे म्हणाले, की लगेच, क्लॅरिफाय करतो, साडी छान आहे, तुम्हाला शोभते असं नव्हे. तेव्हापासून कमळाबाईंकडून घावणे यायचे बंद झाले, पण माणूस सुधारेल तर शपथ.

लेक अपेक्षाचा साखरपुडा ठरला तेव्हा आनंदाआधी तिला बाबांच्या तोंडाचीच काळजी लागली. मुलगा विनीत, कॉटन ग्रीनचा, मूळ कोकणातलाच. तिने बापाला समोर बसवून बजावलं, "बाबा, कोणी विचारलं तरच क्लॅरिफाय करायचं. नाही विचारलं तर गप्प बसायचं. माझ्या लग्नाचा प्रश्न आहे." बिचाऱ्यांनी देवाची शपथ घेतली.

आणि घोटाळा झाला तो देवापाशीच. साखरपुड्याआधी घरातल्या वडीलधाऱ्याने देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे मोठ्याने आशीर्वाद मागायचा, आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं, ही त्यांच्या गावची रीत. धोंडू हात जोडून उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा, आज माज्या अपेक्षाचो साखरपुडो."

"व्हय म्हाराजा."

इथेच थांबले असते तर काय बिघडलं असतं? पण चाळीत अपेक्षा दोन. आशीर्वाद चुकून वरच्या माळ्यावर गेला तर? शपथ माणसांपुरती होती, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

"वरच्या माळ्यावरची न्हय म्हाराजा. ही खालची, जिका साधो भात करूक येणा नाय."

"व्हय म्हाराजा," सवयीने सगळ्यांनी सूर लावला, मुलाकडच्यांनीसुद्धा. सर्वांत मोठा आवाज कमळाबाईंचा.

विनीतची आई शैला मात्र म्हणता म्हणता थबकली. गाऱ्हाण्यात मध्ये बोलू नये हे तिला ठाऊक होतं, पण तिला राहवेना.

"जरा क्लॅरिफाय करा. भातसुद्धा येत नाही?"

अपेक्षाने डोळे मिटून घेतले. उभ्या जन्मात धोंडूंना क्लॅरिफाय करायला पहिल्यांदाच कोणी सांगितलं होतं. नारळाकडे बघत ते हळूच म्हणाले, "तिची आये गेली तेवापासून मीच रांधतंय. तिका चुलीकडे कदी येवकच दिलंय नाय. तिचा काय चुकला नाय म्हाराजा. आता कोणासाठी रांधू, ताच माका कळणा नाय."

शैलाने पदराने डोळे टिपले आणि देवापुढे हात जोडले.

"दर रविवारी हे व्याही आमच्याकडे रांधायला येऊ देत म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. या वेळी सर्वांत मोठा आवाज अपेक्षाचा होता.