काळ्या पडद्यावरचे ठिपके

लेकीच्या प्रयोगशाळेत काल पहिल्यांदाच गेले. काळ्या पडद्यावर पांढरे ठिपके थरथरत होते.

"आई, पेशींनी बाहेर सोडलेल्या या इवल्याशा पिशव्या. स्तनाच्या कॅन्सरच्या पेशी यांतूनच दूरच्या अवयवांना निरोप धाडतात. ते निरोप रक्तात वेळीच ओळखायला आम्ही शिकतोय."

माझा हात नकळत छातीवरच्या व्रणाकडे गेला. एवढ्याशा ठिपक्यांना मी किती घाबरले होते! आणि माझ्या केमोच्या वेळी उशाशी बसून रडणारी ही पोर आता त्यांच्याकडे डोळे रोखून पाहत होती.

तेवढ्यात तिचे सर आले. माझे नुकते उगवलेले आखूड केस पाहून त्यांनी हळूच विचारलं, "रक्ताचा नमुना द्यायला आलात का?"

"तोही देईन," मी ताठ उभी राहत म्हणाले, "पण मी हिची आई आहे."