काळा मोड

आमच्या मुळशीत बाईचं बूड दुखलं, तरी ती सांगते डोकं दुखतंय. उरवड्याच्या कंपनीत पॅकिंगला उभी असायचे, रक्त जायचं, तरी माझीही जीभ रेटली नाही. शेवटी नवऱ्याला कळलं आणि त्यानं मला पिरंगुटच्या एका मूळव्याधवाल्या डॉक्टरकडे नेलं.

त्यानं पाहिलं न पाहिलं केलं. "मोड आहे. रक्त साकळून काळा पडलाय," म्हणाला, आणि कापून बादलीत टाकला. निघताना मी पाया पडले त्याच्या, मेल्याच्या!

पावसाळा सरायच्या आत तिथंच पुन्हा गाठ आली. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी बोट घालून नीट तपासलं, तुकडा काढून तपासायला पाठवला. कॅन्सर निघाला. अंगावरचा तीळ बिघडून होतो त्या जातीचा. त्या जागी क्वचितच होतो, दिसतो मोडासारखा आणि पसरतो फार घाईनं, असं त्या म्हणाल्या. मग विचारलं, "पहिला तुकडा तपासला होता का?" मी काय सांगणार, कपाळ? ऑपरेशनात शौचाची वाटच काढून टाकली, खाली शिवून घेतलं, पोटाला पिशवी लागली. तरी पुढं यकृतात डाग निघालेच.

चालायला लागले तशी मी दर मंगळवारी त्या पिरंगुटवाल्याच्या दवाखान्यात जाऊन बसायला लागले. पेशंट आला की मोठ्यानं विचारायचं, "कापलेला तुकडा तपासायला देणारेत का तुमचा? माझा टाकून दिला. ही बघा पिशवी!" माणसं उठून जायची. मला गार वाटायचं. त्यानं गोडीत सांगून पाहिलं, पोलिसांची भीती घातली. म्हटलं, बोलवा की, त्यांनाबी दाखवते.

शेवटी हात टेकले त्यानं. तुकडे तपासायला पाठवायला लागला. त्यातनं ताम्हिणीच्या एका बाईचा कॅन्सर वेळेत सापडला. बरी होऊन ती पेढे घेऊन आली. "देवमाणूस हाय तुमी," म्हणाली त्याला. बाई वाचली, बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? पण त्यानं तो पेढा तोंडात टाकला आणि माझ्या अंगाची लाहीलाही झाली.

ती गेल्यावर तो माझ्या शेजारी येऊन बसला. माझे रिपोर्ट मीच त्याच्या टेबलावर आपटले होते, त्याला सगळं ठाऊक होतं.

"आता पाठवतोय ना मी, ताई?" हळूच म्हणाला. "अजून किती दिवस येणार?"

"तुमी शिल्लक ठेवलेत तेवढे," म्हटलं.