बारा जणींची यादी

वनिता ओव्हाळ परळी–माजलगाव गाडीवर कंडक्टर आहे. सतरा वर्षं झाली. या मार्गावर कॉलेजला जाणाऱ्या पोरी तिला घाबरून असतात, कारण ती पास नुसता बघत नाही. आधी पासावरचा फोटो बघते, मग तोंड, मग पुन्हा फोटो. बहिणीचा पास घेऊन बसलेली पोरगी तिनं एकदा कानाच्या आकारावरून धरली होती. पंचाहत्तरीची सवलत घ्यायला थोरल्या भावाचं आधार कार्ड घेऊन आलेल्या आप्पांना तिनं फक्त एवढंच विचारलं, "आप्पा, बहात्तरच्या दुष्काळात तुमी केवढे होता?" आप्पा म्हणाले, "शाळंत होतो की, दुसरीत." तिनं पूर्ण भाड्याचं तिकीट फाडलं.

हे तिचं नोकरीतलं कसब. पण सतरा वर्षांत ते नोकरीपुरतं राहिलं नाही. दूधवाला, गॅसवाला, शाळेचे गुरुजी, नात्यातली लग्नं, सगळीकडं तिची नजर आधी फट शोधायची. नवरा अनिल परळीला लाइनमन. तो म्हणायचा, "हिला चहा दिला तरी ही कपाखाली बघती."

कॉलेजात असताना वनिता बास्केटबॉल खेळायची. माजलगावच्या कॉलेजचा २००३ सालचा मुलींचा संघ अजून लोकांच्या लक्षात आहे. मातीचं मैदान, एकच धड बोर्ड, आणि तरी या पोरी विद्यापीठाच्या स्पर्धेत अंतिम सामन्यापर्यंत गेल्या होत्या. त्या संघाचा फोटो वनिताच्या घरात बाबासाहेबांच्या तसबिरीखाली लावलेला आहे. बारा जणी. वनिता खाली बसलेली, मांडीवर चेंडू. मागं मधोमध उंच माया, जिच्या हातात चेंडू गेला की तो बास्केटमध्येच जायचा. या दोघींनी तीन वर्षं एका डब्यात जेवण केलेलं. पुढं वनिता एसटीत लागली आणि माया शिकून त्याच कॉलेजात क्रीडाशिक्षिका झाली. आता सगळे तिला माया मॅडम म्हणतात.

वनिताची मुलगी संस्कृती मागच्या वर्षी त्याच कॉलेजात गेली. डॉक्टरकीच्या परीक्षेत दोनदा मार्क कमी पडले, त्यामुळं प्रवेश उशिरा झाला आणि ती मैदानावर आली ती दिवाळीनंतरच. पोरगी चपळ होती. महिन्याभरात ती संघात बसणार असं सगळ्यांना वाटायला लागलं.

डिसेंबरच्या शेवटी यादी लागली. संस्कृतीनं फोनवर फोटो काढून आईला दाखवला. बारा नावं, समोर जन्मतारखा, आणि खाली तेरावं नाव तिचं. राखीव.

"बसंल पुढच्या वर्षी," संस्कृती म्हणाली. तिला फारसं काही वाटलेलं दिसत नव्हतं.

वनितानं फोन हातात घेऊन एकेक नाव वाचलं. "ह्या बाराही जणी खेळत्यात?"

"नऊ जणी येतात रोज. ह्या तिघी मी बघितल्या नाहीत अजून. शिवकन्या, अयोध्या आणि गोदावरी."

"बघितल्या न्हाईत म्हंजी?"

"म्हणजे मैदानावर आल्याच नाहीत कधी. वर्गात पण नाहीत. हजेरीत मात्र त्या रोज हजर असतात."

वनितानं भिंतीवरच्या फोटोकडं बघितलं. त्यातल्या बाराही जणींचं तिला सगळं ठाऊक होतं. कोण कुठल्या गावची, कुणाला डाव्या हातानं टाकता यायचं, कोण आता सरपंच आहे, कोण पहिल्या बाळंतपणात गेली. आणि ही आजची यादी. बारातल्या तिघी संस्कृतीनं कधी बघितल्यासुद्धा नव्हत्या. तिच्या डोक्यात एकच गोष्ट आली. खेळाडूंच्या कोट्यातून पोलिसात, तलाठ्यात पोरं लागतात, आणि मैदान न बघितलेल्यांकडं प्रमाणपत्रं निघतात, हे ती गाडीत रोज ऐकत होती. या तिघी कुणाच्या तरी पुतण्या, भाच्या असणार. आणि त्यांच्यासाठी तिची पोरगी तेरावी.

दुसऱ्या दिवसापासून ती कामाला लागली. सिरसाळ्याला, तेलगावला चढणाऱ्या प्रत्येक पोरीचा पास ती बघायचीच, आता नाव मोठ्यानं वाचायला लागली. त्या तीन नावांचा पास एकदाही आला नाही. संघातल्या एका जुन्या पोरीला तिनं खिडकीजवळ गाठलं. "शिवकन्या कोण गं?" पोरगी गडबडली. "हाय की, मावशी. हाय आमच्यात." एवढं बोलून तिनं फोनमध्ये डोकं घातलं. वनितानं मनाशी ठरवलं, हिला शिकवून ठेवलंय.

शेवटी सुट्टीच्या दिवशी ती मैदानावर गेली. आता तिथं सिमेंटचं कोर्ट आहे, दोन्ही बोर्ड धड आहेत. माया शिट्टी गळ्यात घालून उभी होती.

"त्या तिघी कुठं हायत?" वनितानं आल्या आल्या विचारलं.

मायाचा चेहरा बदलला. "कोण तिघी?"

"तुला म्हाईत हाय कोण."

"आहेत त्या. येतील स्पर्धेच्या वेळी."

"आन् हजेरी?"

मायानं शिट्टी वाजवून पोरींना कोर्टाच्या दुसऱ्या टोकाला पाठवलं. "वनिता, संस्कृती चांगली आहे. पुढच्या वर्षी पहिल्या पाचात खेळंल. एवढ्यावर सोड."

वनिताला ते लाच दिल्यासारखं वाटलं. ती चहा न घेता परत आली.

त्या आठवड्यात तिनं विद्यापीठाच्या क्रीडा विभागाला अर्ज लिहिला. संघातल्या तीन खेळाडू बोगस आहेत, मैदानावर व वर्गात कधीही आलेल्या नाहीत, खोटी हजेरी लावली जाते, चौकशी व्हावी. खाली नाव लिहायला तिनं पेन टेकवलं आणि थांबली. संस्कृतीला त्रास होईल, असं तिनं स्वतःला सांगितलं. मग लिहिलं, 'एक जागरूक पालक'. दुसऱ्याचं कार्ड घेऊन गाडीत बसणाऱ्यांना आयुष्यभर उतरवणाऱ्या बाईनं स्वतःचं नाव झाकून अर्ज टाकला. हे तिला तेव्हाच टोचलं होतं, असं ती आता म्हणते.

आठ-दहा दिवसांत कॉलेजला पत्र आलं. सगळ्या खेळाडूंनी स्पर्धेच्या आदल्या दिवशी ओळखपत्रासह छाननी समितीपुढं हजर राहावं, अन्यथा संघाचा प्रवेश रद्द. मध्ये पाच दिवस होते.

संस्कृती घरी आली ती दप्तर न काढता तशीच खाटेवर बसली. "संघ गेला, आई. कुणीतरी तक्रार केली."

"मग बोगस पोरी घेतल्यावर दुसरं काय व्हणार?"

"बोगस नाहीत त्या." संस्कृतीचा आवाज कापला. "आज सगळ्या रडत होत्या, तेव्हा कळलं. धारूरकडच्या वाडीच्या आहेत तिघी. जूनपासून दसऱ्यापर्यंत रोज यायच्या, आईबाप मुकादमाकडून आगाऊ पैशांची उचल घेऊन निघाले की त्यांनाही ऊसतोडीला जावं लागतं. शिवकन्या तर सगळ्यात भारी खेळते म्हणे. मॅडम हजेरी लावतात, म्हणून कुणी बाहेर बोलायचं नाही असं ठरलं होतं."

 वनितानं चपला घातल्या आणि ती माजलगावच्या गाडीत बसली. त्या दिवशी तिची ड्यूटी नव्हती.

माया घरी एकटीच होती. दारातच वनिता म्हणाली, "अर्ज मी केला."

माया बाजूला सरकली आणि तिला आत येऊ दिलं. पाण्याचा तांब्या ठेवला. बसल्यावर म्हणाली, "मला वाटलंच होतं."

"मंग मला सांगितलं का न्हाईस? मी इचारलं होतं तुला."

"तू विचारलं नव्हतंस, तपासलं होतंस. माझ्यासमोर उभी राहिलीस ती बिनतिकिटाच्या माणसासमोर राहते तशी. तुला सांगितलं असतं की मी खोटी हजेरी लावते, तर तू काय केलं असतंस?"

वनितानं पुढ्यातला तांब्या बाजूला सरकवला.

"आपल्या संघात सरू होती," माया म्हणाली. "दिवाळीनंतर किती वेळा आली ती मैदानावर?"

वनिता आठवायला लागली. सरू फोटोत उजव्या टोकाला आहे, दोन वेण्या, ओठ मिटलेले. ती खेळायची जोरात. पण थंडीतल्या सरावाची एकही आठवण वनिताला सरूसकट येईना.

"तो फोटो ऑगस्टातला आहे," माया म्हणाली. "सरू पण कोयत्यावर जायची. आपले सर स्पर्धेच्या दोन दिवस आधी जाऊन तिला घेऊन यायचे. हजेरी तेव्हाही लागत होती. तुला कधी संशय आला नाही, कारण तेव्हा तू कुणावर संशय घेत नव्हतीस."

दुसऱ्या दिवशी वनितानं रजा टाकली. दोघी पोरींना आणायला पहाटेच्या गाडीनं सोलापूरला आणि तिथून पुढं सांगलीकडं निघाल्या. वाटेत मायानं डबा उघडला, भाकरी अर्धी करून पुढं केली. वनितानं ती घेतली, एवढंच.

एका गावाबाहेर उसाच्या फडाला लागून तोडकऱ्यांच्या कोप्या, पाचटाच्या झोपड्या होत्या. शिवकन्या मोळी डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरकडं चालली होती. मॅडमना बघून तिनं मोळी टाकली आणि हात ओढणीला पुसले. पानांनी कापून हातांवर रेघाच रेघा झाल्या होत्या. वनितानं त्या हातांकडं बघितलं आणि तिच्या तोंडून पहिल्यांदाच कुठला प्रश्न निघाला नाही.

मुकादम आडवा आला. "तोडीच्या मधी पोरी न्यायच्या म्हंता? त्यांच्या जागी कोण वाकणार हितं?"

"स्पर्धा झाली की दहाव्या दिवशी आणून सोडते," माया म्हणाली.

"त्येची काय खातरी?"

"मी एसटीची कंडक्टर हाय," वनिता म्हणाली. "माझं ओळखपत्र ठिवून घ्या. पोरी परत आल्यावर द्या." मुकादमानं कार्ड उलटसुलट बघितलं, फोटो आणि तोंड ताडून बघितलं, आणि परत दिलं. शिवकन्याच्या बापाला त्यानं हाक मारली. बाप म्हणाला, "जाऊ द्या. खेळंल ती." अयोध्याच्या आईनंही मान हलवली.

राहिली गोदावरी. तिची आई चुलीपुढं बसली होती. "ती मामाकडं हाय," ती म्हणाली, पण बघत होती चुलीत.

वनिता तिच्याजवळ उकिडवी बसली. "लगीन केलं का तिचं?"

बाईनं चुलीत लाकूड सारलं. मग म्हणाली, "दिवाळीच्या पाडव्याला. पालावर तरणी पोर ठिवायची म्हंजी जिवाला घोर असतोय."

"अठरा पुरी झाल्ती?"

"झाल्ती."

वनितानं फोनमधली यादी काढली. जन्मतारीख बघितली. ऑगस्टात अठरा पूर्ण झाली होती. खोट काढायला जागा नव्हती, आणि तरी तिला बरं वाटलं नाही. ती मायाकडं वळली. "तुला ठावं होतं?"

"हो."

"मंग नाव का ठिवलं?"

"काढलं असतं तर ती गेली असं झालं असतं," माया म्हणाली. "यादीत होती तोवर मला वाटायचं, येईल."

समितीपुढं अकरा जणी हजर झाल्या. गोदावरी लग्न होऊन गेल्याचं मायानं लिहून दिलं, तिच्या नावावर रेघ आली आणि राखीव खेळाडू तिच्या जागी गेली. म्हणजे संस्कृती. वनितानं त्याच दिवशी स्वतःच्या नावानं दुसरा अर्ज दिला, की आधीची तक्रार आपलीच होती, माहिती अपुरी होती, या मुली खऱ्या खेळाडू आहेत. समितीनं तो ठेवून घेतला. पण हजेरीचं प्रकरण कागदावर आलेलं होतं, ते मागं गेलं नाही. मायाला नोटीस मिळाली आणि वर्षभर संघनिवडीतून बाजूला काढलं गेलं.

गाडीत कुजबुज सुरू झाली. पोरीला जागा मिळावी म्हणून बाईनं हे सगळं केलं, असं लोक बोलायचे. वनिता तिकिटं देत पुढं सरकायची, आणि मागून आवाज बंद झाला की तिला कळायचं कशाबद्दल चाललं होतं. आपल्याकडं कुणीतरी असं बघतंय, हे तिच्या सवयीचं नव्हतं.

स्पर्धेत संघ उपांत्य सामन्यात चार गुणांनी हरला. शिवकन्यानं त्यात एकटीनं एकोणीस गुण केले. तीन महिने चेंडूला हात न लावलेली पोरगी पहिली पाच मिनिटं चुकत होती, मग तिला कुणी अडवू शकलं नाही. संस्कृती शेवटची सहा मिनिटं खेळली. सामना संपल्यावर वनिता दोघी पोरींना घेऊन स्वतः सांगलीकडं गेली आणि बोलल्या दिवशी त्यांना फडावर सोडून आली.

परत आल्यावर संस्कृतीनं जेवताना विचारलं, "आई, मी तेरावी नसते, बारांत असते, तर केला असतास तो अर्ज?"

अनिल ताटावरून वर बघायला लागला. वनितानं घास खाली ठेवला.

"न्हाई केला असता," ती म्हणाली.

संस्कृतीनं मान हलवली आणि भाजी वाढून घेतली.

माया आणि वनिता आता बोलतात, पण पूर्वीसारखं नाही. उन्हाळ्यात वनितानं सरूचा पत्ता काढला. ती वडवणीजवळच्या एका वस्तीवर राहते, गुडघे गेलेत, ऊसतोड सुटली. फोटोची एक प्रत करून वनिता तिला देऊन आली. सरूनं फोटो बराच वेळ धरून ठेवला आणि बाराही जणींची नावं डावीकडून एकेक करून सांगितली, एकही न चुकता.