ताईच्या सहीला घरचा आहेर

माझी ताई विमानांची मेकॅनिक. विमानं छोटी, दोन-चार माणसं बसतील एवढीच. फ्लाइंग क्लबच्या हँगरमध्ये तिचं राज्य. मी तिचा धाकटा भाऊ, तिथेच विमानांत पेट्रोल भरतो, त्यामुळे बोलणी खाण्यात माझा पहिला नंबर. ताई नाकावर माशी बसू देत नाही. तिच्या कामात खोट काढायची कोणाची टाप नव्हती. काढली ती तिच्याच लेकीनं.

त्या दिवशी भाचीची लायसन्सची परीक्षा होती. परीक्षक लांबून आलेले, दुपारी लगेच परतणार. ही संधी हुकली की पुढची कधी, देव जाणे. विमान ताईनंच तपासून सही केली होती. ते उडालं आणि एक चक्कर मारून लगेच खाली आलं. मला वाटलं, पोरगी घाबरली.

भाची उतरली ती थेट आईपुढे. "तिसरा सिलिंडर तापतोय. बाकीचे तीन ठीक आहेत, ह्याचाच आकडा चढत चाललाय."

"मीटरच बिघडला असेल," मी मध्ये तोंड घातलं.

"मामा, तू गप्प बस."

परीक्षक म्हणाले, "लाल रेषेपर्यंत गेला नव्हता. परतायचं हिनं ठरवलं."

सगळ्यांदेखत घरचा आहेर! ताई मात्र सरळ विमानाकडे वळली. इंजिन निवेपर्यंत हात घालता येईना, तोवर परीक्षकांची निघायची वेळ झाली. परीक्षा हुकली ती हुकलीच.

मग ताईनं इंजिनाचं झाकण काढलं. समोरून आलेला वारा सिलिंडरांना गार करत त्यांच्यामधूनच खाली जावा म्हणून वरच्या कडेला रबराची पट्टी असते, झाकणाला घट्ट टेकणारी. तिसऱ्या सिलिंडरपाशी ती उलटी दुमडली होती आणि वारा वरच्या वर पळ काढत होता. झाकण बसवलं होतं ताईनंच.

"माझ्या हातून झालं," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली.

भाचीला तेव्हा कुठे रडू फुटलं. "आई, तुझी सही होती गं. वाटलं, मलाच कळत नाहीये. तरी..."

"तरी परत आलीस." ताईनं काळे हात तसेच तिच्या गालांना लावले. "माझ्या सहीवर विसंबून उडत राहिली असतीस, तर पुन्हा विमानाला हात लावू दिला नसता."

त्यानंतर क्लबात जो भेटेल त्याला ती सांगत सुटली, "माझी चूक माझ्या लेकीनं पकडली!" स्वतःची चूक इतक्या तोऱ्यात मिरवणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.