चौथ्या वळणावरचा हात

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. ऐन अमावास्येला गाडी घेतली म्हणून आईने फोनवर थयथयाट केला, तेव्हाही मी हसलोच. त्यामुळे 'याला भास झाला असेल' असं कुणाला म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा... मीही आधी तेच म्हणून पाहिलं.

मी आइंडहोव्हनजवळच्या एका खेड्यात राहतो. शेजारी पीट — सत्तरी उलटलेले, एकटे. मी त्यांना काका म्हणतो. गावाबाहेर मक्याच्या शेतांपलीकडे एक बंद पडलेला रेसिंग ट्रॅक आहे. छोटासा, अंडाकृती. पूर्वी रविवारी गावातले गॅरेजवाले आणि शेतकरी मोडक्या गाड्या ठोकूनठाकून इथे पळवायचे. पीटकाका झेंडा दाखवायचे आणि त्यांचा मुलगा रुड गाडी चालवायचा.

तिथला एक नियम होता. गाडी उलटली की आतल्याने खिडकीतून हात सरळ वर धरायचा — मी ठीक आहे, चालू द्या. रुडची गाडी चौथ्या वळणावर उलटली. काकांना हात दिसला, त्यांनी शर्यत चालू ठेवली. ती संपेपर्यंत रुड गेला होता. डॉक्टर म्हणाले, धडकेतच गेला, हात वर करणं शक्यच नाही. दुसऱ्या कुणाला तो दिसलाही नव्हता. त्यानंतर ट्रॅक कायमचा बंद झाला.

"हात मी पाहिलाय," काका मला म्हणायचे. "पण तो सरळ होता, की रुड मला बोलावत होता? तेवढंच आठवत नाही." या एका प्रश्नाने माणूस पोखरून निघाला होता.

गेल्या ऑक्टोबरात कळलं, गेमेंटे, म्हणजे इथली नगरपालिका, ट्रॅक उखडून घरं बांधणार. काकांना तो शेवटचा बघायचा होता. माझ्या नव्या गाडीची पूजाही राहिली होती. माझ्या बायकोला, अनघाला, ड्यूटी होती, म्हणून नारळ आणि लिंबं माझ्याच गळ्यात. भर दुपारी गेलो. मोकळी जागा बघून चौथ्या वळणावर गाडी लावली, नारळ फोडला, काचा बंद करून लॉक केली. मग झेंड्याच्या जुन्या चौथऱ्यावर चहा प्यायला बसलो.

काकांनी माझा दंड धरला. "तिकडे बघ. मोतीबिंदूमुळे मला धूसर दिसतंय... तुला दिसतोय?"

माझ्या गाडीच्या ड्रायव्हरच्या खिडकीतून एक हात बाहेर आला होता. मळका हातमोजा.

"दिसतोय, काका."

"सरळ आहे?"

बोटं मिटत होती, उघडत होती. ये, ये.

"सरळ आहे. अगदी सरळ."

काकांनी टोपी काढली आणि ते लहान मुलासारखे रडले. मी त्यांना धरून बसलो, उठू दिलं नाही. थोड्या वेळाने हात दिसेनासा झाला. जवळ गेलो तर काच वर, गाडी लॉक, किल्ली माझ्या खिशात.

काका आता शांत झोपतात म्हणे. मी बंद काचेतून हात कसा येईल याचा इंजिनियर म्हणून खूप विचार केला, उत्तर नाही. आणि खरं सांगायचं तर माझी झोप त्यामुळे उडालेली नाही. तो बोलावत होता... आणि या वेळीही त्याच्यापर्यंत कुणी गेलं नाही.