अण्णांचा डावा हात

त्या दुपारी मला पहिल्यांदा असं वाटलं की आपल्या दहा बोटांचा भाजी चिरण्यापलीकडे काही उपयोग नाही. वाटलं तेही कुणाला, तर मारतहळ्ळीच्या आमच्या सोसायटीत जिला सगळे ‘मुद्रा आंटी’ म्हणतात तिला. क्लबहाऊसमध्ये सकाळी ध्यानाचा वर्ग चालतो, तिथे मी गेली काही वर्षं नेमानं जाते. झोप येत नसेल तर अमुक बोट अंगठ्याला लावा, पोटात गॅस धरला असेल तर तमुक बोट दुमडा, हे मी लिफ्टमध्ये भेटणाऱ्या माणसालासुद्धा, त्यानं न विचारता, सांगते. आमचे हे म्हणतात की हल्ली लोक मला बघून जिन्यानं जातात आणि त्यामुळे तरी सोसायटीची तब्येत सुधारली आहे.

घरात या विद्येला न बधलेला माणूस एकच, माझे सासरे, अण्णा. मूळचे बेळगावकडचे, सरकारी कारखान्यात नोकरीला म्हणून बंगळुरूला आले आणि इथलेच झाले. मुंज झाल्यापासून सकाळची संध्या त्यांनी चुकवलेली मला तरी ठाऊक नाही. गायत्रीच्या जपाआधी ते दोन्ही हातांनी चोवीस मुद्रा करतात. एकीतून दुसरी निघते, दुसरीतून तिसरी, मध्ये खंड नाही. सासूबाई गेल्यापासून पळी-भांडं आणि ताम्हण मांडून ठेवायचं काम माझ्याकडे आलं. मांडून झालं की मी चहाचा कप घेऊन दाराशी उभी राहायची आणि त्यांच्या बोटांकडे बघत बसायची. त्यात भक्ती कमी आणि चहा निवतोय ही काळजी जास्त. माझ्या वर्गाबद्दल अण्णांचं मत स्वच्छ होतं. “ही मुद्रा गुडघ्याला, ती मुद्रा पित्ताला. ध्यान आहे काय मेडिकलचं दुकान, कळत नाही बघ,” असं ते म्हणायचे आणि वर, “चहा ठेव तिथं, सरी,” म्हणून डोळे मिटायचे. सरी म्हणजे कानडीत ठीक.

याच अण्णांच्या छातीत कफ साचला, न्यूमोनिया झाला आणि त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. रक्तात नको तो वायू साठत होता. त्यामुळे त्यांना भ्रम झाला. मला ते ओळखेनात, ह्यांनाही ओळखेनात. नाकातोंडावर घट्ट बसणारा एक मास्क लावला होता, त्यातून मशीन हवा आत ढकलत होतं आणि अण्णा तो मास्क ओढून काढत होते. डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना बाहेर बोलावून शांतपणे सांगितलं की संध्याकाळी परत रक्त तपासू. तोवर मास्क नीट टिकला तर बरं, नाही तर घशात नळी घालून व्हेंटिलेटर लावावा लागेल. या वयात नळी घालणं सोपं असतं, काढणं अवघड होतं, एवढं बोलून त्या थांबल्या. पुढचं वाक्य त्यांनी आमच्यावर सोडलं. ह्यांनी ते मनात पूर्ण केलं असावं, कारण ते सरळ खाली जाऊन कँटीनच्या बाकावर बसले. ह्यांना स्वतःच्या वडलांच्या हाताला बांधलेली पट्टी बघवेना. आयसीयूत जवळ एकालाच थांबायची परवानगी होती, म्हणून मी थांबले.

पट्टीचं सांगायचं राहिलं. डाव्या हातात सलाईन होतं. तो हात सुजला होता आणि हलू नये म्हणून पुठ्ठ्यासारख्या फळीवर गुंडाळून ठेवला होता. उजव्या हातानं मास्क ओढतात म्हणून तो मऊ पट्टीनं खाटेच्या कठड्याला बांधला होता. ज्या माणसानं आयुष्यभर कुणाला आपला पाण्याचा तांब्यासुद्धा भरू दिला नाही, त्याचे दोन्ही हात दोन बाजूंना अडकवलेले. मी स्टुलावर बसले आणि मनात म्हटलं, बाई, एवढी लोकांना शिकवतेस, आता दाखव काय ते.

आणि मी दाखवलं. श्वासाला, शक्तीला प्राणमुद्रा. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट अंगठ्याच्या टोकाला लावायचं. मी अण्णांच्या उजव्या हाताची बोटं हळूच धरली आणि दुमडायला लागले. बोटं काही ऐकेनात. मी थोडा जोर केला. अण्णांनी हाताला असा हिसका दिला की बोटाला लावलेला तो चिमटा, ज्यावरून मशीनला ऑक्सिजन कळतो, तो उडून खाटेखाली गेला. मशीन किंचाळायला लागलं. आकड्याच्या जागी नुसत्या रेघा आल्या. मला वाटलं, झालं, मुद्रा आंटीनं सासरे मारले. नर्स धावत आली, तिनं आधी अण्णांकडे बघितलं, मग चिमटा शोधला, मग माझ्याकडे बघितलं.

“एन माडतीरा अम्मा? मुट्टबेडी,” ती म्हणाली. काय करताय, हात लावू नका. अगदी हळू आवाजात म्हणाली, पण मला शाळेत अंगठे धरायला लावल्यासारखं झालं. मी हात मांडीखाली घालून बसले.

पुढचा बराच वेळ मी नुसती त्या आकड्याकडे बघत होते. नव्वदीच्या वर गेला की माझा श्वास सुटायचा, खाली आला की अडकायचा. चिमटा आता कानाच्या पाळीला लावताना नर्सनं उजव्या हाताची पट्टी सोडली होती, मनगटावर वळ उठले होते म्हणून. “स्वल्प नोडोण,” म्हणाली, थोडा वेळ बघू या. पण सुटलेला हात मिनिटभरही स्वस्थ बसेना. बोटं आत वळायची, मग तळवा उघडायचा, मग हात छातीवरून डावीकडे जायचा, आणि तिथे मास्कची नळी हाताला लागली की मूठ आवळायची. मास्क सरकायचा, फुस्स करून हवा सुटायची, आकडा घसरायचा. मी नळी सोडवायची. परत तेच. तिसऱ्या-चौथ्या खेपेला नर्स म्हणाली की परत बांधावं लागेल, आणि आता डॉक्टरांनाही कळवते. ती पट्टी आणायला गेली. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मला देवाचं नावही आठवेना. एरवी कपाटाची किल्ली सापडेना तरी मी तेहतीस कोटींना उठवते.

शेजारच्या खाटेजवळ एक बाई बसलेल्या होत्या. बुरखा घातलेल्या, माझ्याच वयाच्या. त्यांचे यजमान डोळे मिटून पडले होते आणि त्या अंगठ्यानं बोटांची पेरं मोजत काहीतरी पुटपुटत होत्या. सकाळपासून आम्ही एकमेकींना फक्त बिस्किटाचा पुडा पुढे केला होता, तेवढीच ओळख. इथल्याच शिवाजीनगरला दुकान आहे असं त्या म्हणाल्या होत्या, कशाचं ते मी विचारलंही नव्हतं. त्यांनी पेरावरचा अंगठा तसाच ठेवला आणि म्हणाल्या, “अम्मा, रोव नक्को. उनों नळी नै खींच रे.”

मी म्हटलं, “तर मग काय करतायत?”

“कुछ पढ़ रे उनों. मैं सुबू से देखरी. हर बार वैच करते. उंगल्यां मोड़ते, हात खोलते, फिर इधर कू आते. दूसरा हात ढूंड रे. मिलता नै, तो नळी पकड़ लेते.” एवढं सांगून त्यांनी अंगठा पुढच्या पेरावर सरकवला आणि परत पुटपुटायला लागल्या.

मी अण्णांकडे बघितलं. बोटं आत वळली. सुमुख, पहिली मुद्रा. तळवा कळीसारखा किंचित फुगला. संपुट. मग उघडला. वितत. आणि हात दुसऱ्या हाताच्या शोधात डावीकडे निघाला. वर्षानुवर्षं चहा निवत असताना बघितलेलंच सगळं, फक्त अर्धं. भ्रमात, मास्कखाली, घरात नाही की देवासमोर नाही, अण्णा संध्येला बसले होते. आणि त्यांचा डावा हात फळीवर बांधलेला होता.

पुढे मी जे केलं ते विचार करून केलं नाही. विचार केला असता तर सासूबाईंचं वाक्य आठवलं असतं, की हे बायकांनी करायचं नसतं. मी खाटेच्या डाव्या बाजूला गेले, वाकले आणि माझा डावा हात त्यांच्या छातीवर, मास्कच्या नळीच्या अलीकडे, धरून ठेवला. अण्णांचा हात आला आणि त्याला माझा हात सापडला. क्षणभर बोटं माझ्या बोटांवरून फिरली. बांगड्या लागल्या असत्या तर हा आपला हात नाही हे त्यांना कळलं असतं. बांगड्या नर्सनं सकाळीच काढायला लावल्या होत्या. मग त्यांनी आपली बोटांची टोकं माझ्या टोकांना जुळवली आणि पहिल्यापासून सुरू केलं.

दोन टोकं जुळली, मग तीन, मग चार, मग पाच. माझी करंगळी उशिरा निघाली तर त्यांनी ती बोटानं टिचकी मारून बाजूला केली. तोवर नर्स पट्टी घेऊन आली होती. मी मान हलवली. तिनं बघितलं, मास्क नीट केला, पट्टी खिशात ठेवली आणि तिथेच उभी राहिली. हात उलटे झाले, सुलटे झाले. मध्येच दोन्ही तर्जन्या एकमेकींत अडकवायची मुद्रा आली. तिचं नाव यमपाश. आमची मुलगी लहान असताना तिला ती दोस्तीची खूण वाटायची. अण्णांनी माझं बोट अडकवलं आणि तिथेच थांबले. पुढे जाईनात. बोटाची पकड सैल होईना आणि आकडा खाली यायला लागला. एक एक करून उतरत होता आणि माझ्या डोक्यात त्या मुद्रेचं नाव घुमत होतं. मी ओढून पुढे नेऊ की थांबू, कळेना. मघाशी ओढून काय झालं होतं ते बघितलं होतं. मी ओढलं नाही. बोट तसंच त्यांच्या ताब्यात ठेवलं आणि मनात एवढंच म्हटलं, तुम्ही न्याल तिथे.

किती वेळ गेला, सांगता येत नाही. मग त्यांचं बोट सुटलं आणि पाचही बोटं माझ्या पाच बोटांत गुंतली. ग्रथित. मशीनच्या लयीत त्यांची छाती वरखाली होत होती, आता तिच्याशी झगडत नव्हती. मासा झाला, कासव झालं, वराह झाला. मुद्गराला उजवं कोपर डाव्या तळव्यावर ठेवायचं असतं. त्यांनी कोपर उचललं आणि मी माझा तळवा खाली धरला. पाखराएवढं वजन होतं. शेवटची मुद्रा पल्लव, तिला दुसरा हात लागत नाही. अण्णांनी माझा हात सोडला, उजवा तळवा पानासारखा उभा धरला, किंचित हलवला आणि खाली ठेवला. झोप लागली. मास्क जागेवर होता. आकडाही जागेवर होता.

झोप चाळवली की हात परत यायचा आणि मी परत माझा हात द्यायची. संध्याकाळपर्यंत असंच चाललं. रक्ताचा अहवाल आला तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वायू उतरतोय, नळीची घाई नको. मी खाली जाऊन ह्यांना सांगितलं. ह्यांनी मला कँटीनचा चहा आणून दिला. मी तो उजव्या हातानं प्याले, डावा दिवसभर पुढे धरून अवघडला होता.

औषधानं गुण आला, मशीननं आला, हे मला कळतं. मी त्याबद्दल कुणाशी वाद घालत नाही. पण पट्टी आणायला गेलेली नर्स आणि परत आलेली नर्स यांच्यामध्ये जो थोडा वेळ होता, त्यात एक बाई आपला जप थांबवून माझ्याशी बोलल्या. त्या तेव्हा बोलल्या नसत्या तर हात बांधला गेला असता, एवढं मला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी त्यांच्या खाटेवर नवी चादर होती. मी नर्सला गाठलं, ती म्हणाली, वॉर्डात हलवलं, बरे आहेत. मी वॉर्डात शोधत गेले तेव्हा ती मंडळी घरी गेली होती. नावही विचारायचं राहिलं. रोज दिवा लावताना मी त्यांना ‘पेरंवाल्या बाई’ म्हणून आठवते. देवाला पत्ता कळत असेल.

लिफ्टमध्ये मी आता गप्प असते. ह्यांना त्याची काळजी वाटते. वर्गाला जाते, बोटं जुळवते, पण ती जुळवताना कुणाकडून काही करून घ्यायचं आहे असं वाटत नाही. हात पुढे ठेवायचा, ज्याला लागेल तो घेईल, एवढंच उरलं आहे.

अण्णा घरी आले. दवाखान्यातलं त्यांना काहीच आठवत नाही असं मी धरून चालले होते, आणि मीही काही सांगितलं नव्हतं. परवा सकाळी ताम्हण मांडून, चहा घेऊन मी दाराशी उभी होते. मुद्रा संपवून त्यांनी डावा हात डोळ्यांसमोर धरला आणि उलटसुलट करून बघितला.

“तिथं पडलो होतो ना गं, तेव्हा संध्या केल्याचं अंधुक आठवतंय बघ,” ते म्हणाले. “हा डावा हात तेवढा फार चुकत होता. करंगळी तर मुळीच ऐकत नव्हती.”

“आता ऐकते का?” मी विचारलं.

“आता सरी झालाय,” अण्णा म्हणाले. “पण चुकत होता तरी सोडून गेला नाही हो. चहा ठेव तिथं.”

मी चहा ठेवला. डाव्या हातानं.