वाढत्या मापाचे बूट

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. गॅस बंद केला का हे बघायला मी अर्ध्या रस्त्यातून परत फिरणारी बाई, आणि इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या आमच्या घरात तर गॅसची शेगडीच नाही. त्यामुळे लेक दहा वर्षांची असताना ‘मला घोड्यावर बसायचंय’ म्हणाली, तेव्हा मी विचारबिचार न करता नाही म्हणून मोकळी झाले. नवरा म्हणाला, विसरेल वर्षभरात. ती काही विसरली नाही. वर्षभराने तिनेच शाळेतल्या एका मैत्रिणीच्या आईला विचारून गावाबाहेरचं घोड्यांचं एक यार्ड शोधून काढलं. शनिवारी सकाळी तीन तास तिथे काम करायचं, म्हणजे लीद उचलायची, पाण्याच्या बादल्या भरायच्या, घोड्यांना खरारा करायचा, आणि मग अर्धा तास एका तपकिरी घोडीवर बसायला मिळणार. आता नाही म्हणायला कारण काय सांगणार? मला भीती वाटते, हे कारण आमच्या घरात कधीच खपत नाही.

आमच्या भाषेत घोडे पागाभर आहेत. काही अडलं की आपण घोडं कुठे पेंड खातंय म्हणतो, उशीर झाला की वरातीमागून घोडं म्हणतो, आणि माझी आई मला बाराव्या वर्षापासून ‘घोडी झालीस एवढी’ म्हणत आली. प्रत्यक्षात मात्र आमच्या घराण्याचा घोड्याशी संबंध आला तो एकदाच, नागपूरला, भावाच्या वरातीत. फटाक्यांची माळ लागली, घोडं बिचकलं आणि नवरदेव मानेला मिठी मारून ओरडत सुटला. सगळे अजून हसतात. मी तेव्हाही हसले नव्हते.

तर दर शनिवारी मी यार्डाच्या कुंपणाशी उभी राहायची, दोन्ही हात कोटाच्या खिशात, मुठी आवळलेल्या. घोडीने नुसती शेपटी हलवली तरी मी एक पाऊल मागे सरायची. यार्डाची मालकीण सत्तरीची, कमी बोलणारी बाई. तिने एकदा सांगून पाहिलं की तुम्ही गाडीत बसून कॉफी प्या, मी आहे ना. मी हो म्हणाले आणि तिथेच उभी राहिले. लेक घोडीवरून माझ्याकडे बघायचीच नाही. मला वाटायचं, तिचं लक्ष घोडीत आहे. खरं म्हणजे माझा चेहरा बघायला लागू नये म्हणून ती बघत नसे, हे मला फार उशिरा कळलं.

नोव्हेंबरात एका रविवारी ती आंघोळ करून आली आणि माझी नजर तिच्या पायांवर गेली. बोटं लालजांभळी, सुजलेली, दोन ठिकाणी खाजवून कातडी गेलेली. तिने पटकन पाय टॉवेलखाली घेतले. किती दिवस असं आहे म्हणून विचारलं तर म्हणाली, थोडे दिवस. तीन आठवडे होते. तिचे गमबूट पातळ होते, एकाला टाचेपाशी चीर गेलेली, आणि ओल्या मोज्यांत ती तीन-तीन तास काढत होती. सांगितलं का नाहीस, असं मी चढ्या आवाजात विचारलं. औषधांच्या दुकानातल्या फार्मसिस्टने बघून सांगितलं की हे थंडीने होतं, चिलब्लेन्स म्हणतात, पाय कोरडे आणि ऊबदार ठेवा, बरं होईल. मी घरी येऊन इंटरनेटवर वाचत बसले आणि तासाभरात बोटं कापावी लागण्यापर्यंत पोचले.

पण या भीतीत एक सोय होती. घोडीचं मला काही करता येत नव्हतं, बुटांचं करता येत होतं. दुसऱ्याच दिवशी मी एकटी गावाबाहेरच्या एका दुकानात गेले, जिथे घोड्यांचं खाद्य, दोरखंड आणि बूट एकाच छताखाली मिळतात. सगळीकडे रबराचा आणि सुक्या गवताचा वास. विक्रेत्या मुलीने पहिला प्रश्न विचारला, यार्डातल्या कामासाठी हवेत की रायडिंगसाठी? मी म्हटलं, दोन्हीसाठी. मग दोन जोड घ्या, ती म्हणाली. कामाला आतून लोकरीचे, खोल खाचांच्या तळव्याचे, म्हणजे चिखलात पाय घसरत नाही. रायडिंगला अरुंद, गुळगुळीत तळव्याचे, थोडी टाच असलेले. ती पुढेही काही सांगत होती, पाय ठेवायच्या रिकिबीबद्दल, पण मी ऐकणं सोडून दिलं होतं. मला वाटलं, हिला दोन जोड खपवायचेत. एका जोडीत भागत असताना दोन घेणं हे आमच्या घरात कधी कुणी केलेलं नाही.

मी त्यातल्या त्यात सगळ्यात जाड, सगळ्यात उबदार, पाण्यात उभं राहिलं तरी थेंब आत येणार नाही असे बूट घेतले. लेकीचा पाय तीन नंबरचा. मी पाच घेतले. वाढीला जागा नको? आम्हां भावंडांचे शाळेचे बूट नेहमी असेच यायचे, दोन बोटं मोठे, पुढे कापूस कोंबलेले. पहिल्या वर्षी आम्ही फताडे चालायचो, दुसऱ्या वर्षी बूट नीट बसायचे, तिसऱ्या वर्षी बोटं आत दुमडून घ्यायची. सगळ्यांनी हेच केलं आणि सगळ्यांचे पाय शाबूत आहेत. मीही घरी येऊन पुढे कापूस भरला आणि जाड मोज्यांची जोडी वर ठेवून बूट लेकीसमोर ठेवले.

तिने घालून पाहिले, दोन पावलं टाकली आणि म्हणाली, “आई, हा बूट खूप मोठी आहे.”

“मोठा आहे,” मी म्हणाले. “बूट मोठा. तो बूट.”

“मोठा आहे,” ती म्हणाली, आणि विषय संपला.

मी तिचं व्याकरण सुधारलं आणि माप तसंच ठेवलं. या एका वाक्यासाठी मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

डिसेंबरभर सगळं ठीक चाललं. बोटं बरी झाली. ती नव्या बुटांत काम करायची आणि घोडीवर बसण्याआधी यार्डातून कुणीतरी दिलेले जुने छोटे रायडिंगचे बूट चढवायची. मग जानेवारीतला तो शनिवार आला. नळ गोठलेले, बादल्यांत बर्फाचे पापुद्रे, आणि तिचे रायडिंगचे बूट रात्रभर गाडीत राहून लाकडासारखे कडक झालेले. ती बाकावर बसून मोठे बूट काढायला लागली तशी तिच्या मोज्यांतून वाफ निघाली. माझ्या डोळ्यांपुढे ती जांभळी बोटं आली. मी म्हटलं, बदलू नकोस, हेच राहू दे. ती म्हणाली, यात बसायचं नसतं, पाटीवर लिहिलंय. मी पाटी वाचली. तिथे फक्त गमबुटांना मनाई होती. मी म्हटलं, हे गमबूट आहेत का? दोन्ही कामांसाठी म्हणून तर घेतलेत. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि बूट परत आत ओढला.

मालकीण यार्डाच्या दुसऱ्या टोकाला नळावर किटलीतलं गरम पाणी ओतत होती. तिने तिथूनच ओरडून विचारलं, बूट ठीक आहेत ना?

“ब्रँड न्यू,” मी अभिमानाने ओरडून सांगितलं.

तिने अंगठा वर केला.

पुढचं सगळं बहुधा मिनिटभरात झालं. लेक रिंगणात घोडी हळू चालवत होती, मालकीण किटली ठेवून तिकडे यायला निघाली होती. कुंपणावर टाकलेली खाद्याची रिकामी प्लॅस्टिकची गोणी वाऱ्याने उडाली आणि घोडीच्या पायांत आली. घोडी बाजूला उसळली. लेक डावीकडे कलली, आणि पडली. पण नुसती पडली नाही. तिचं डोकं आणि खांदे वाळूवर होते आणि डावा पाय वर, रिकिबीत. बूट अडकला होता. घोडीला कळेना आपल्या कुशीला काय लटकलंय, ती पळायला लागली, आणि माझी मुलगी हेल्मेट वाळूवर आपटत तिच्याबरोबर ओढली जात होती.

झुरळ दिसलं तरी किंचाळणारी मी, माझ्या तोंडून आवाज फुटला नाही. फाटकाची कडी मला उघडेना. मी खालच्या फळीखालून सरपटत आत गेले, आणि मान वर केली तेव्हा घोडी लांब पळत होती आणि बूट अजून रिकिबीत होता, तिच्या पोटावर आपटत. मला बूट दिसत होता. तो रिकामा आहे की नाही, ते मला कळत नव्हतं. ते दोन-तीन क्षण मी कुणाला सांगितलेले नाहीत, नवऱ्यालाही नाही.

पाय होता. लेक वाळूवर बसलेली, एका पायात बूट, दुसऱ्या पायातला मोजा अर्धा निघालेला, आणि तिच्यामागे दोन हातांवर माझा कापसाचा बोळा. तिने आधी घोडीला लागलं का ते विचारलं. मी तिचा घोटा, गुडघा, मान, सगळं चाचपत होते. खांदा खरचटला होता, घोटा मुरगळला होता, बाकी काही नव्हतं.

मालकिणीने घोडी शांत केली, मग बूट काढायला गेली. तो निघेना. शेवटी तिने बूट रिकिबीसकट सोडवून आणला आणि दोन्ही हातांनी पिळून बाहेर ओढला. रुंद होता, आणि तळव्याच्या खाचा लोखंडात रुतून बसल्या होत्या. ती शांतपणे म्हणाली, हा बूट हिच्या मापाचा असता तर पाय बाहेर आला नसता. मग म्हणाली, आणि योग्य बूट असता तर अडकलाच नसता. तिने लेकीला विचारलं, बदलले का नाहीस? तुला तर माहीत आहे.

“मी विसरले,” लेक म्हणाली.

मी तिथेच उभी होते.

घरी नवऱ्याने सांगून टाकलं, बास झालं आता. इतके दिवस मला हेच ऐकायचं होतं, पण बरं काही वाटलं नाही. लेकीने वादही घातला नाही. दोन शनिवार ती खोलीत बसून राहिली. माझ्या डोक्यातून मात्र ते ‘मी विसरले’ जात नव्हतं. अकरा वर्षांची पोर माझ्यासाठी खोटं बोलली होती. मला वाचवायला, की मी घाबरून सगळंच बंद करीन म्हणून? मग ती सुजलेली बोटं आठवली, टॉवेलखाली लपवलेली. ती घोड्याला घाबरत नव्हती. ती माझ्या भीतीला घाबरत होती, आणि दुखलं-खुपलं तरी माझ्यापासून लपवायला शिकली होती. त्या विचाराने मला जेवढी भीती वाटली, तेवढी त्या रिंगणातही वाटली नव्हती.

तिसऱ्या शनिवारी नवऱ्याला ‘मी बघते’ एवढंच सांगून मी तिला गाडीत घातलं आणि आधी त्या दुकानात गेले. तीच विक्रेती होती. मी म्हटलं, दोन जोड द्या, मुलगी इथेच आहे, माप घ्या. तिने माप घेतलं. तीन नंबर. वाढीला थोडी जागा, असं माझ्या ओठांवर आलं होतं, ते मी गिळलं. मग यार्डात जाऊन लेकीदेखत मालकिणीला सांगितलं की ती विसरली नव्हती, मीच बदलू नको म्हटलं होतं. लेकीने मान खाली घातली. मालकीण म्हणाली, विचारून गप्प बसले, मी स्वतः बघायला हवं होतं. मग म्हणाली, यापुढे आपण दोघी बघायचं. आधी तुम्ही, मग मी.

काम सोपं आहे. लेक वर बसली की बूट आणि रिकिबीचं लोखंड यांच्यामध्ये बोट घालून बघायचं. दोन्ही बाजूंना बोटभर फट हवी. पण त्यासाठी घोडीच्या पोटाला लागून उभं राहावं लागतं. तिची कातडी मध्येच थरथरते, नाकातून गरम श्वास येतो, आणि दुसऱ्या पायाकडे जायचं तर तिच्या तोंडासमोरून जावं लागतं, मागून कधीच नाही. पहिल्या दिवशी मी तीनदा हात मागे घेतला. लेक पाय स्थिर धरून बसली. आजही माझं बोट थरथरतं. मी लपवत नाही.

मार्चमधल्या एका शनिवारी मी असंच बघितलं. डावीकडे बोट गेलं, उजवीकडे बोट गेलं. मी जा म्हणणार, एवढ्यात ती खाली वाकली आणि हळूच म्हणाली, “आई, हा बूट लहान झाली. दुखते.”

मालकीण अजून लांब होती. लेक तशीच बसली असती तर तिला तिचा अर्धा तास मिळाला असता, आणि कुणाला काही कळलंही नसतं.

“किती दिवस?” मी विचारलं.

“आजच.”

“उतर,” मी म्हणाले. “माप घेऊ.”